आठ प्लेटा आणि विभूतीचा डबा

सोलर बसवायला आलेल्या माणसानं जाता जाता सांगितलं, की आता तुम्हाला काहीच करायचं नाही, वर ऊन पडेल आणि खाली वीज येईल. हे ऐकून घरातले सगळे खूश झाले, एक आप्पा सोडून. आप्पा म्हणजे माझे सासरे. ‘तुम्हाला काहीच करायचं नाही’ हे त्यांना त्या वर्षात दुसऱ्यांदा ऐकावं लागत होतं.

पहिल्यांदा ऐकलं ते दिवाळीच्या पाडव्याला. उदगीरच्या बाजारात आमचं किराणा-भुसारचं दुकान. आप्पा त्या गादीवर उभा जन्म बसलेले. पाडव्याची पूजा झाली, पेढे वाटले आणि आमच्या यांनी, म्हणजे आप्पांच्या एकुलत्या एका मुलानं, मोठ्या प्रेमानं सांगितलं की आता तुम्ही आराम करा. प्रेमामागचं कारण असं, की दुकानात कॉम्प्युटर आला होता आणि आप्पा गिऱ्हाइकाला तूरडाळीचा गेल्या वर्षीचा भाव सांगून मोकळे होत होते. आप्पा उठले, टोपी झटकली, घरी आले आणि ओसरीवर खुर्ची टाकून बसले.

आराम म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे ते माझ्यावर देखरेख करू लागले. फोडणीचा आवाज आला की ओसरीवरून विचारायचे, जिरं मोहरीच्या आधी टाकलं का नंतर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, म्हणून सासुरवास नाही या आनंदात मी भोकरहून इथं आले होते. तो आनंद त्या पाडव्यापासून संपला. मी तोंडानं फटकळ आहे हे माहेरीही सगळ्यांना माहीत होतं, पण जिऱ्यावरून सासऱ्याशी भांडण होईल असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

तर थंडी सरता सरता गच्चीवर आठ प्लेटा आल्या. कंपनीचा माणूस त्यांना पॅनल म्हणायचा, आप्पा प्लेटा म्हणायचे, आणि गल्लीनं आप्पांचा शब्द उचलला. आमच्या गल्लीतला हा पहिलाच सोलर, त्यामुळे पहिले चार दिवस लोक बघायला येत होते आणि मी चहा करत होते. पाचव्या दिवशी सकाळी आप्पांची अंघोळ झाली, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्यांची रोजची पूजा झाली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून झाले, आणि ओसरीवर बसायच्या ऐवजी ते जुनं धोतर फाडून जिना चढले. अर्ध्या तासानं खाली आले ते वेगळाच माणूस होऊन. म्हणाले, काही करायचं न्हाई म्हणतो तो, वर बोटभर धूळ बसली हाय.

धूळ होती हे मात्र खरं. त्याचं कारण आमचा नवा जिल्हा. उदगीर जिल्हा होणार ही बातमी आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी येते, तशी त्याही वर्षी आलेली. शेजारचे काका तहसिलीतून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे ती छापून यायच्या आधी यायची. जिल्हा झाला की आपल्याच रस्त्यावरून कलेक्टरची गाडी जाणार, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. गाडीला रस्ता रुंद लागणार, म्हणून कुणीतरी रस्ता उकरूनही ठेवला. मग दुष्काळ पडला, खडीवर मारायला पाणी मिळेना, काम थांबलं. जिल्हा आला नाही. त्याची धूळ मात्र रोज सकाळी आमच्या प्लेटांवर येऊन बसायची.

आप्पांना ती धूळ लाभली. पूजा, विभूती, प्लेटा, मग नाश्ता, असा त्यांचा दिवस पुन्हा लागला. जिन्याखाली बसवलेल्या सोलरच्या डब्यावर रोजच्या युनिटचा आकडा दिसायचा, तो संध्याकाळी वाचून ते ओसरीवरून मला सांगायचे. नऊ आले असतील तर आवाज चढा. आठ आले तर सकाळी एखादा कोपरा राहिला असणार, असं स्वतःलाच रागावायचे. जिऱ्या-मोहरीबद्दल त्यांनी पुन्हा अवाक्षर काढलं नाही, म्हणून मीही प्लेटांना मनातून आशीर्वाद दिला. आमच्या यांना हे पसंत नव्हतं. आप्पा कुठं घसरले म्हणजे, ही काळजी खरी होती, पण त्यापेक्षा लोक काय म्हणतील ही जास्त होती. दर आठवड्याला ते एकदा म्हणायचे, पुसायला माणूस लावू, गच्चीला कुलूप घालू. आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मी बघत होते, कुलूप शब्द निघाला की त्यांचा हात आपोआप खांद्यावरच्या फडक्याकडे जायचा.

मग उन्हाळा लागला आणि पाण्याची खरी गंमत सुरू झाली. लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलंय अशी बातमी सांगत आमच्याकडचे लोक हसायचे आणि हसून झालं की आपापल्या घागरी घेऊन टँकरमागं पळायचे. आमचा बोअर चैत्रातच गचके देऊ लागला. जे यायचं ते मचूळ, डाळ न शिजणारं. प्यायला जार विकत. नळाला पाणी येईल त्या दिवशी घरातल्या सगळ्या वाट्यासुद्धा भरून ठेवायच्या. आप्पा परातीत बसून अंघोळ करायचे, म्हणजे ते पाणी फरशी पुसायला मिळायचं. भांडी मी राखेनं घासून फडक्यानं पुसू लागले. गॅसवर राख कुठून मिळणार, तर कोपऱ्यावरच्या चिवड्याच्या भट्टीवरून टोपलीभर मागून आणायची. भट्टीवाल्याला पूर्वी ती फेकायला कंटाळा यायचा, आता तो राख देताना उपकार केल्यासारखा चेहरा करायचा.

अशात प्लेटांना रोज दोन बादल्या पाणी. मी आधी एक बादली केली, मग दिवसाआड अर्धी. त्यातही भानगड निघाली. मचूळ पाण्यानं पुसलेल्या प्लेटा वाळल्या की त्यांवर पांढरे डाग उठायचे, आणि ते डाग पुसायला आणखी पाणी लागायचं. एकदा प्यायचा जार दुपारीच संपला. घरात माणसं तीन, तहान काय तेवढी नव्हती. मला शंका आली म्हणून जिना चढले, तर वरच्या पायरीवर माझा तांब्या. आप्पा प्लेटांना फिल्टरचं पाणी पाजत होते.

माझं डोकं फिरलं. मी तांब्या घेतला आणि गच्चीत उभी राहून, शेजारच्या काकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आप्पा, आपण मचूळ पाण्यानं तोंड धुऊन राहिलो, भांडी राखेनं घासून राहिलो. तुमच्या प्लेटा काय आभाळातून पडल्यात? घासा की त्यापण राखेनं.”

आप्पांनी फडकं पिळलं, त्यातून दोन थेंब पडले, ते कुंडीत पडतील असं बघितलं आणि खाली गेले. रात्री जेवताना मला वाईट वाटलं. पण जारवाला एक दिवसाआड येऊ लागला होता, म्हणून वाईट वाटणं मी आवरतं घेतलं.

त्यानंतर पाण्याची मागणी बंद झाली. आप्पा रोज वर जात होते, खाली येत होते, बादली मात्र कोरडी. मी चौकशी केली नाही. ज्या गोष्टीनं आपलं पाणी वाचतं तिची चौकशी बायका करत नसतात. चार-पाच दिवसांनी मिरच्या वाळत घालायला सकाळी लवकर गच्चीवर गेले, तेव्हा दिसलं. आप्पा पहिल्या प्लेटेपुढं वाकून गोल गोल हात फिरवत होते. कपाळावर ताजे तीन पट्टे. पायाशी विभूतीचा डबा उघडा.

हा डबा आमच्या घरात देवाइतकाच जपलेला. गावाकडून वर्षाला एकदा यायचा. गाईच्या शेणाची, जाळून, कुटून, कापडातून गाळलेली पांढरीशुभ्र राख. भट्टीवरची राख मी आणलेली होती, पण तिथं काय काय जळतं कुणाला माहीत, ती प्लेटांना लावणं त्यांना पटलं नसणार. मला बघून ते थोडे ओशाळले आणि मग सांगू लागले, की ते लहान असताना दुकानातल्या कंदिलाच्या काचा अशाच राखेनं पुसायचे, काच कशी हिऱ्यासारखी निघायची. हात लावून बघ म्हणाले. मी लावला. गुळगुळीत वाटली. भांडी राखेनं लखलखतात, मग काच का नाही, असा विचार करून मी मिरच्या पसरल्या आणि खाली आले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात मी कुठंच नव्हते असं कुणाला वाटू नये.

आकडा उतरू लागला. नवाचे आठ, आठाचे सात. आप्पा जास्त जोर लावून घासू लागले. सात उतरून साडेसहावर आले. त्यावर घरात तीन मतं पडली. शेजारचे काका म्हणाले, हा जुन्या जिल्ह्याचा अन्याय आहे, वीजसुद्धा लातूरकडे ओढून नेतात. आमचे हे म्हणाले, कंपनीनं फसवलं. आप्पा म्हणाले, यंदा ऊनच कमजोर हाय. बाहेर त्या दिवशी डांबर वितळत होतं आणि भिंतीला हात लावला तर भाजत होतं.

कंपनीचा माणूस आला त्या सकाळी आमचे हे दुकानात गेले नाहीत. चहा पिताना त्यांनी मला बजावून सांगितलं, यात आप्पांचा हात निघाला तर आजच्या आज गच्चीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. दुकानात झालं तेच इथं व्हायला नको, असंही म्हणाले. आप्पा दारापलीकडेच बसले होते. त्यांनी ऐकलं हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

माणूस वर गेला. मागोमाग आम्ही सगळे, आणि नवा जिल्हा अजून यायचा असल्यामुळे रिकामे असलेले शेजारचे काकाही. त्यानं तिरपं वाकून काचेकडं बघितलं, बोट फिरवलं, बोटाला पांढरं लागलं, ते हुंगलं. मग सांगितलं की काचेवर वरून एक पातळ थर असतो, ऊन आत घ्यायचा, तो ओरखडलाय. राख बारीक दिसते पण तिला धार असते. आता कितीही पुसा, पहिल्यासारखं होणार नाही, आणि कंपनी याची जबाबदारी घेणार नाही. मग त्यानं विचारलं, “हे घासलंय कुणी?”

उत्तर सगळ्यांच्या समोर उभं होतं. आप्पांच्या कपाळावर तेच पांढरं होतं, बोटांच्या पेरांत तेच होतं, खांद्यावर फडकं होतं. पण कपाळावरची विभूती रोजचीच, तिच्याकडं बघायची कुणाला सवय नव्हती. मी आप्पांच्या तोंडाकडं बघितलं. पाडव्याला गादीवरून उठताना होता तोच चेहरा. त्या दिवशी मी पेढ्यांचं ताट घेऊन जवळच उभी होते आणि काही बोलले नव्हते. ते मला आजवर सलतं.

“मी,” मी म्हणाले. “पाणी नव्हतं. भांडी घासते तशा घासल्या.”

क्षणात सगळ्यांना पटलं. हे मला जास्त लागलं. एकानं तरी विचारावं, की बाई, तू गच्चीवर कधी गेलीस, तुला वेळ कधी मिळाला. छे. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या शब्दावर एवढा विश्वास घरात कुणी कधी ठेवला नव्हता. आमच्या यांनी कपाळाला हात लावला. काका म्हणाले, भोकरकडे सोलर अजून पोचला नसेल. कंपनीच्या माणसानं मला लहान मुलीला सांगावं तसं समजावलं, की वहिनी, सकाळी काच थंड असताना मऊ कोरड्या फडक्यानं धूळ झाडायची, घासायचं काही नाही, पाणी मिळेल तेव्हा मिळेल. मी मान हलवत होते आणि आप्पा लक्ष देऊन ऐकत होते.

मग निकाल लागला. मी प्लेटांना हात लावायचा नाही. गच्चीला कुलूप घालायचं, आणि किल्ली अशा माणसाकडं द्यायची जो घरात असतो आणि जबाबदार आहे. ती आप्पांना मिळाली. त्यांनी ती गळ्यात अडकवायची तेवढी बाकी ठेवली, नाहीतर लिंगाच्या शेजारी तीच लटकली असती. कमरेच्या करगोट्याला बांधली.

इथवर ठीक होतं. मला आभार नको होते, निदान मी स्वतःला तसं सांगत होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा वरून खाली आले, ओसरीवर बसले आणि मी चहा ठेवला तेव्हा गंभीरपणे म्हणाले, “काचेला राख लावत असतेत का, पोरी?”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. डोळ्यांत कुठं हसू दिसतंय का ते शोधलं. नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या ताटात मी भाकरी जरा जोरातच ठेवली. पुढं हे रोजचं झालं. पाहुणा आला, की त्याला वर नेऊन प्लेटा दाखवायच्या, ओरखडे दाखवायचे आणि सांगायचं, आमच्या सूनबाईनं राखेनं घासल्या, काय बोलणार, पोर हाय. मी तेव्हा चाळिशीला टेकले होते. मुरूडचे नातेवाईक आले, उमरीची माझी मावशी आली, सगळ्यांनी ते ऐकलं. मावशीनं घरी जाऊन माझ्या आईला फोन केला. आईनं मला फोन केला. मी आईलाही म्हणाले, हो, घासल्या.

खरं सांगते, मला राग यायचा. रात्री पाठ टेकली की वाटायचं, उद्या सगळ्यांसमोर सांगून टाकते. सकाळी करगोट्याला किल्ली बांधलेला तो म्हातारा एकेक पायरी चढताना दिसायचा, आणि सांगणं राहून जायचं. कधी वाटायचं, त्यांना खरंच तसंच आठवत असेल. वय झालं की माणूस सोयीचं तेवढं लक्षात ठेवतो, आणि आमच्या घरात त्यासाठी वय व्हावंही लागत नाही.

दुष्काळ गेला. रस्ता होता तसा उकरलेलाच राहिला, त्याच्यावर गवत आलं. जिल्हा अजून यायचाय, काका अजून वाट बघतायत. आप्पा कोरड्या फडक्यानं सहा वर्षं प्लेटा पुसत राहिले. राखेचा थर निघाला तसा आकडा आठापर्यंत परत चढला, नऊ मात्र पुन्हा दिसले नाहीत. मग एका थंडीत त्यांचा गुडघा बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी जिना बंद केला. आमच्या यांनी लगेच पुसायला माणूस लावायचं काढलं. आप्पांनी करगोट्याची किल्ली सोडली, मला हाक मारली आणि माझ्या हातात ठेवली.

तेव्हापासून मी जाते. आप्पांची खाट ओसरीवर असते, ते खालून सूचना देतात. कोपरे बघ. कबुतराची घाण वाळायच्या आत काढ. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या हाताचे गोल गोल ओरखडे अजून दिसतात, आठही प्लेटांवर. संध्याकाळी ते आकडा विचारतात. प्लेटा आता म्हाताऱ्या झाल्या, आकडा सातच्या वर जात नाही. सात म्हटलं तर त्यांचा चेहरा पडेल, म्हणून मी पहिल्या दिवसापासून आठ सांगत आले.

परवा असंच विचारलं. मी पोळ्या लाटत होते, आतूनच म्हणाले, आठ. ओसरीवरची खाट करकरली. मग आप्पा म्हणाले, “एक कमी कर त्यातला. तुला खोटं बोलायची सवयच हाय.”

मी लाटणं ठेवून बाहेर आले. ते माझ्याकडं न बघता बोलत होते. “त्या दिवशी पण बोललीस. राख माझी होती, सांगणं तुझं होतं. निम्मी-निम्मी भागी होती आपली. तू सगळाच माल आपल्या नावावर घेतलीस, अन् मी घेऊ दिलो. गच्ची जाईल म्हणून भ्यालो होतो.” थोडं थांबून म्हणाले, “रोज सांगायचं ठरवायचो, अन् रोज तुलाच बोल लावायचो.”

  मी पदरानं पिठाचे हात पुसत राहिले. आप्पांनी पुन्हा विचारलं, आज किती दाखवून राहिलाय.

मी जिन्याखाली जाऊन डबा बघून आले आणि खरा आकडा सांगितला.